वहीतील एक खोडलेली ओळ

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे वहीचीही पूजा होते. व्यापारी नवी चोपडी आणतो, पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतो आणि तिला हळदकुंकू, फूल वाहतो. हिशेब आता संगणकात गेले. तरीही एक वही पाटावर मांडण्याचा रिवाज पुष्कळ पेढ्यांनी सोडलेला नाही. लक्ष्मी जेथे यावयाची तेथे हिशेब चोख हवा, अशी त्यामागची समजूत आहे.

पण घरोघरी आणखी एक वही असते आणि ती मात्र कोणी पाटावर मांडीत नाही. ती उशाखाली असते, औषधांच्या डब्यात असते, नाहीतर कपाटातल्या साड्यांच्या घडीखाली असते. अंथरुणाला खिळलेल्या आईच्या किंवा भान हरपलेल्या वडिलांच्या पैशांचा जमाखर्च तीत लिहिलेला असतो. लिहिणारा मुलगा असतो, सून असते. बहुधा मुलगी असते. या वहीविषयी आणि आपल्या वाङ्मयाने तिची जी उपेक्षा केली आहे तिच्याविषयी मला आज लिहावयाचे आहे. सणासुदीला हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण भावंडे एकत्र जमतात ती दिवाळीलाच, आणि फराळाच्या बशा उचलल्यावर जो विषय निघतो तो पुष्कळदा हाच असतो.

आमच्या घरची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचे विवेचन नुसते पुस्तकी वाटेल. आमची आई मिरजेस असते. २०१८ साली तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाणी गेली, आणि हळूहळू माणसे ओळखण्याची शक्तीही गेली. मी पुण्यास मराठीचा अध्यापक होतो, धाकटा भाऊ बंगळूरला असतो. ताई वैधव्यानंतर माहेरच्या घरी राहावयास आली होती आणि पुढच्या खोलीत शिवणाचे वर्ग चालवीत होती. आईचे सारे तिच्याकडे गेले, ते कोणी तिला न सांगताच. न्हाऊमाखू घालणे, भरवणे, कूस बदलणे हे तर झालेच. पण त्याखेरीज आईचे कुटुंब-निवृत्तिवेतन, दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला, मुदतठेवींच्या पावत्या, घरपट्टी, मागच्या खोलीतल्या भाडेकरूचे भाडे, रात्रपाळीच्या मावशींचा पगार. आईची सही जुळेनाशी झाली तेव्हा अंगठ्याची तजवीज करण्यासाठी बँकेत किती खेपा घातल्या ते तिचे तीच जाणे. २०१९ साली तिने शिवणाचे वर्ग बंद केले. आम्ही दोघे भाऊ फोनवर म्हणालो, ‘ताई, तू आहेस म्हणून आम्ही निश्चिंत आहोत.’ हे वाक्य पुढे तीन वर्षे आम्ही वापरले.

२०२२ च्या दिवाळीत मी मिरजेस गेलो असता ताईने आपण होऊन वही माझ्यापुढे ठेवली. मी ती उत्तरपत्रिका तपासावी तशी तपासली. एका महिन्यात चार हजारांची तोंडमिळवणी होत नव्हती. मी विचारले, ‘ताई, हे चार हजार कुठे गेले?’ ती काही बोलली नाही. तिने ते पान फक्त उजेडाकडे धरले. मावशींच्या पगाराच्या, म्हणजे बारा हजारांच्या ओळीखाली एक ओळ लिहून खोडलेली होती. खोडलेली असली तरी वाचता येत होती : ‘माझे — ४,०००’. रक्कम घेतली होती, पुढच्या महिन्यात परतही भरली होती, आणि तशी ओळ पुन्हा कोठेही नव्हती. तिने ते पैसे का घेतले हे मी विचारले नाही. ते परत का केले हेही विचारले नाही. पण ज्या माणसाने तीस वर्षे वर्गात ‘नटसम्राट’ शिकविताना आवाज जड होऊ दिला, त्याच माणसाने आपल्या बहिणीकडे पावती मागितली, हे माझ्या मनातून जाईना. तेव्हापासून मी माझी जुनी आवडती पुस्तके त्या खोडलेल्या ओळीच्या उजेडात पुन्हा वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती आले ते येथे मांडतो.

प्रथम शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’. कृतघ्न मुलींची कथा म्हणून आपण तो वाचतो, आणि ती तशी आहेच. परंतु पहिल्या प्रवेशात प्रत्यक्ष घडते काय? एक म्हातारा आपल्या उरलेल्या आयुष्याच्या सांभाळाचा मोबदला एकाच दिवशी, एकाच रकमेत, आगाऊ देऊन टाकतो. बदल्यात काम कोणते, किती आणि कोणी करावयाचे याची बोली नाही. बोली फक्त एवढीच की शंभर सरदारांसह आळीपाळीने दोघींकडे राहावयाचे. आणि दर ठरतो तो प्रेमाच्या भाषणावर! धाकटी कॉर्डेलिया कर्तव्याला धरून जेवढे प्रेम असावयाचे तेवढेच आहे असे सांगते आणि रिकाम्या हाताने घराबाहेर पडते. पुढे शंभराचे पन्नास होतात, पन्नासांचे पंचवीस, आणि शेवटी एक तरी कशाला हवा, येथवर गोष्ट येते. गॉनरिल दुष्ट आहे यात शंका नाही. पण शंभर माणसांची ऊठबस करणाऱ्या घराची कुरकूर अगदीच खोटी असते काय? ज्याला पूर्ण पैसे आधीच पोचले, त्याला काम करण्याचे कारण फक्त सज्जनपणा उरते. आणि सज्जनपणावर राज्य सोपविणे हा लिअरचा पहिला वेडेपणा. वादळातला वेडेपणा पुढचा.

या नाटकात एक बारीकशी जागा आहे. हद्दपार केलेला केंट वेष पालटून लिअरची चाकरी पत्करतो, एका उद्धट कारभाऱ्याला धडा शिकवितो, आणि लिअर त्याच्या हातावर चार नाणी ठेवतो — चाकरीचा इसार म्हणून. राज्य वाटून टाकणाऱ्या त्या राजाने साऱ्या नाटकात रीतसर मोबदला दिला तो एवढाच. आणि केंट शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहतो. त्या नाण्यांसाठी राहतो असे कोणी म्हणणार नाही. पण ती नाणी घेतल्याने त्याची निष्ठा उणावली, असेही कोणी म्हटलेले नाही. मी हा प्रवेश कितीदा तरी शिकविला असेन. त्या नाण्यांपाशी कधी थांबलो नाही.

येथे एक आक्षेप येईल. ज्या कॉर्डेलियाला कवडी मिळाली नाही तीच अखेर बापासाठी धावून येते. तेव्हा निरपेक्ष सेवा हीच खरी, हे शेक्सपिअरने दाखविले नाही काय? दाखविले आहे. पण कॉर्डेलिया फ्रान्सची राणी आहे. वैद्य तिच्या पदरी आहेत, फौज तिच्या दिमतीला आहे. तिचा शिवणाचा वर्ग बंद पडलेला नाही. निरपेक्ष राहण्यासाठीही माणसाच्या घरात आधी पीठ असावे लागते.

आता आपला ‘नटसम्राट’. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागूंचे गणपतराव बेलवलकर ज्यांनी पाहिले त्यांना ते विसरता आले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी अप्पासाहेब आपली मिळकत मुलगा व मुलगी यांना वाटून टाकतात, आणि मग एका घरातून दुसऱ्या घरात आणि दुसऱ्या घरातून रस्त्यावर येतात. लेकीच्या घरी चोरीचा संशय येतो तो प्रवेश मला आजही सहन होत नाही. या नाटकाचे मोठेपण मी यत्किंचितही कमी करू इच्छीत नाही. अप्पासाहेब काही असमर्थ झालेले नाहीत. त्यांचे दुःख मानहानीचे आहे. परंतु या नाटकाने आपल्या मध्यमवर्गीय मनाला एक सवय लावली. म्हातारपणाचा विषय निघाला की आपण खुर्चीत बसल्या जागी बेलवलकर होतो. सारा प्रकाशझोत नटावर असतो. त्या घरातल्या सुनेचा दिवस उजाडतो कधी आणि मावळतो कधी हा प्रश्न मनात येऊ नये अशीच नाटकाची बांधणी आहे. नाटकाला तो अधिकार आहे. पण घरी परतल्यावरही आपण प्रेक्षकच राहिलो, तर तो दोष शिरवाडकरांचा नव्हे. मी बंगळूरच्या भावाला फोन करून आईविषयी गहिवरून बोलत असे, तेव्हा माझे नेमके हेच झाले होते. दोन बेलवलकर एकमेकांशी बोलत होते, आणि आईची कूस तिसरेच कोणी बदलीत होते.

या बाबतीत प्रेमचंद मला अधिक व्यवहारी वाटतात. त्यांच्या ‘बूढ़ी काकी’ या कथेत निपुत्रिक विधवा काकी आपली मालमत्ता पुतण्याच्या, बुद्धिरामाच्या, नावे लिहून देते. त्या मालमत्तेचे वार्षिक उत्पन्न दीडदोनशे रुपयांच्या घरात आहे, हा आकडा प्रेमचंद मुद्दाम नोंदवितात. म्हणजे कथेला वहीचे पहिले पान आहे! आणि तरीही घरात तिलकाचे जेवण उठत असता काकी भुकेली राहते, व मध्यरात्री उष्ट्या पत्रावळी चाचपते. ते पाहून बुद्धिरामाची बायको रूपा हादरते. आपण जिच्या पैशावर हा समारंभ केला तिलाच जेवू घातले नाही, हे तिला उमगते. पश्चात्तापाने भरलेले ताट घेऊन ती जाते खरी. पण ही जाग तिला दयेतून तितकी आलेली नाही, जितकी हिशेबातून आलेली आहे.

‘पंच परमेश्वर’ ही १९१६ सालची कथा तर याहून स्पष्ट आहे. जुम्मन शेखच्या खालाने त्याच्या नावे हिबानामा केला. कागदावर शिक्कामोर्तब होईपर्यंत तिचे लाड झाले, नंतर जुम्मनची बायको करीमन टोमण्यांशिवाय भाकर वाढीना. खाला पंचायत बोलावते. पंच म्हणून बसलेला अलगू चौधरी जुम्मनचा जिवलग मित्र. तो निकाल देतो : मालमत्तेच्या उत्पन्नातून खालाला दरमहा खर्च द्यावा, नसेल द्यावयाचा तर हिबानामा रद्द. पुढे जवळजवळ नव्वद वर्षांनी, २००७ साली, आपल्याकडे आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरविता येते, असे त्याच्या २३ व्या कलमात आले. अलगूने झाडाखाली बसून दिलेला निकाल कायद्याच्या पुस्तकात यावयास इतका काळ जावा लागला.

पण येथेही बाजू वृद्धेचीच आहे. सांभाळणाऱ्याच्या श्रमाचे काय, हा प्रश्न प्रेमचंदांनीही विचारलेला नाही. तो विचारलेला मला एका अनपेक्षित जागी आढळला. डिकन्सची ‘मार्टिन चझलविट’ ही कादंबरी १८४३-४४ साली भागाभागांनी प्रसिद्ध झाली. तिच्यातला वृद्ध मार्टिन हा धनाढ्य आणि विलक्षण संशयी गृहस्थ. आजूबाजूचे सारे आप्त आपल्या मरणाची वाट पाहात आहेत असे त्याला वाटते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. त्याने मेरी ग्रॅहम नावाची एक अनाथ मुलगी सोबतीला आणि शुश्रूषेला ठेवली आहे. तिच्याशी त्याचा करार असा : मी जिवंत असेपर्यंत तुला दरसाल ठरावीक रक्कम मिळेल, मी मेल्यावर मात्र एक पैही मिळणार नाही. शिवाय दोघांनी एकमेकांशी लाडीगोडीचे शब्द वापरावयाचे नाहीत.

प्रथमदर्शनी हा करार किती कोरडा वाटतो! मलाही तरुणपणी तो एका विक्षिप्त म्हाताऱ्याचा तऱ्हेवाईकपणा वाटला होता. परंतु याच कादंबरीत शेजारी काय ठेवले आहे ते पाहावे. मार्टिनचा भाऊ अँथनी याचा मुलगा जोनस बापाबरोबर राहतो, धंदा पाहतो आणि बाप इतका जगतो कसा म्हणून चडफडतो. त्याचा मोबदला बापाच्या मरणानंतर मिळावयाचा आहे. तोही सगळाच्या सगळा. शेवटी तो विष पैदा करण्यापर्यंत जातो. तिसरीकडे पेक्सनिफ हा ढोंगी साधुपुरुष. वृद्ध मार्टिन आता दुबळा झाला, आपल्या मुठीत आला, असे समजून तो त्याचा सगळा कारभार प्रेमाच्या गोड शब्दांत आपल्याकडे ओढू पाहतो. एकाचा मोबदला मरणावर टाकलेला आहे, दुसऱ्याचा मोबदला तोंडाने न बोलता हळूच उचलावयाचा आहे. आणि मेरीचा मोबदला ठरलेला, उघड आणि दरसालचा आहे. या तिघांत म्हाताऱ्याने जगावे असे मनापासून कोणाला वाटते? मेरीला. आणि ते केवळ पैशासाठी नव्हे, हे कादंबरी पुढे दाखवितेच. करारामुळे तिचे प्रेम उत्पन्न झाले नाही. करारामुळे ते संशयापासून वाचले.

मला जे म्हणावयाचे आहे ते एवढेच आहे. सांभाळणाऱ्याला मोबदला देण्याच्या तीन वेळा आहेत. आगाऊ, मागाहून, आणि महिन्याच्या महिन्याला. आगाऊ दिला की लिअर होतो, काकी होते. मागाहून द्यावयाचा ठेवला की सेवा करणाऱ्याला, तो कितीही सज्जन असो, मरणाचा हिस्सेदार करून ठेवल्यासारखे होते. ‘तुला काय, घर शेवटी तुझेच आहे,’ हे वाक्य आपल्या घरांतून किती सहज बोलले जाते! त्या वाक्याचा खरा अर्थ असा होतो की तुझा पगार आई गेल्यावर निघेल. मुलीला असे सांगण्यासारखी क्रूर गोष्ट नाही. महिन्याच्या महिन्याला दिलेला मोबदला तेवढाच असा आहे, की त्यात आईचे जगणे आणि सांभाळणारीचे जगणे एकमेकांच्या आड येत नाही.

जुन्यांना हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. मनुस्मृतीने वाटणीच्या वेळी थोरल्यासाठी एकूण मालमत्तेचा विसावा भाग आधी बाजूला काढावयास सांगितले आहे. त्याला ‘उद्धार’ असे नाव आहे. कुटुंबाचा भार वाहणाऱ्याला काही अधिक द्यावे, ही कल्पना त्यामागे उघड दिसते. अर्थात तो थोरल्या मुलाला, मुलीला नव्हे. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. पण आजही किती बहिणी भाऊबीजेची ओवाळणी घेऊन हक्कसोडपत्रावर सही करतात, हे तुम्ही आम्ही जाणतोच. सेवा करणारी ती, आणि सोडणारीही तीच!

इंग्रजी अमदानीतल्या कायद्यांनाही या विषयाची लाज वाटलेली नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात न्यायालयाने नेमलेल्या पालकाला त्याने घेतलेल्या काळजीबद्दल आणि कष्टांबद्दल न्यायालयास योग्य वाटेल ती रक्कम मिळू शकते. ‘काळजी आणि कष्ट’ हे दोन शब्द त्या कलमातच आहेत, आणि रुक्ष कायद्यात ते वाचताना मला एखाद्या कवितेची ओळ वाचल्यासारखे झाले. मात्र ती तरतूद अज्ञान मुलांच्या पालकांसाठी आहे. उलट १८८२ च्या न्यास कायद्याप्रमाणे, आधी तसे ठरलेले नसेल तर विश्वस्ताला आपल्या श्रमांबद्दल काही मागता येत नाही. दुसऱ्याचे धन ज्याच्या हाती आहे त्याने स्वतःच स्वतःचा पगार ठरवू नये, हे तत्त्व त्यामागे आहे आणि ते योग्यच आहे. आणि भान हरपलेल्या आईवडिलांचे काय? धडधाकट असताना दिलेले मुखत्यारपत्र, देणाऱ्याचे मन ठिकाणावर राहिले नाही की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे संपुष्टात येते. नेमके जेव्हा ते हवे असते तेव्हाच! २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा उपचारांविषयी पुष्कळ बोलतो, पण अशा माणसाच्या मालमत्तेचा कारभार कोणी पाहावा याची व्यवस्था त्यात नाही. त्यामुळे कुटुंबांना पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागतो.

म्हणजे कायद्याला प्रश्न ठाऊक आहे, उत्तर अपुरे आहे. अशा वेळी समाजाचे मन घडविण्याचे काम वाङ्मयाचे असते, आणि आपले वाङ्मय येथे मागे राहिले असे मला वाटते. अपवाद म्हणून एका चित्रपटाचा उल्लेख करावयास हवा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा २०१३ सालचा. संस्कृतचे प्रकांड पंडित चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशाने लहान मूल झाले आहेत, आणि एके दिवशी रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागोमाग ते निघून जातात. डॉ. मोहन आगाशे यांचे शास्त्री अविस्मरणीय आहेतच. पण माझ्या दृष्टीने चित्रपटाचे खरे धैर्य त्यांची मुलगी इरा हिच्या चित्रणात आहे. इरावती हर्षे यांनी ती थकलेली, चिडणारी, पुन्हा स्वतःवरच रागावणारी मुलगी उभी केली आहे. तिचे बापावर प्रेम आहे आणि तिला तो सांभाळणे झेपत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे मराठीत इतक्या सरळपणे मी दुसरीकडे पाहिले नव्हते.

तरीही एक तक्रार उरतेच. शास्त्री भटकत माहुताच्या बिऱ्हाडी पोचतात, आणि त्याची बायको चन्नम्मा त्यांना आपल्या लेकरासारखे जवळ करते. ते तिला आई मानू लागतात. अमृता सुभाष यांच्या त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो यथार्थ होता. तो भाग पाहताना डोळे भरून येतात. पण डोळे पुसल्यावर मला वाटले, की येथेही आपण सुटलो. जिच्या घरी दोन वेळची भ्रांत, तिने काहीही न मागता माया केली, आणि आपल्या सुशिक्षित मनाला समाधान झाले. एक रात्र माया करता येते. सहा वर्षे करावयाची तर चन्नम्मालाही वही लागेल. तो चित्रपट अजून व्हावयाचा आहे.

‘आईच्या सेवेचे पैसे घ्यावयाचे?’ हा उद्गार वाचकांच्या ओठांवर आला असेल. माझ्याही आला होता. त्याचे उत्तर असे की रात्री येणाऱ्या मावशींना आपण पगार देतो, आणि त्यामुळे त्यांच्या हाताची माया कमी होते असे म्हणत नाही. पैसे मायेचे नसतातच. ते गेलेल्या वेळाचे असतात, बंद पडलेल्या शिवणयंत्राचे असतात, बँकेतल्या खेपांचे आणि रात्री बारा वाजता जुळविलेल्या हिशेबाचे असतात. ते उघडपणे दिले नाहीत म्हणून नाहीसे होत नाहीत. ते कुरबुरीच्या, संशयाच्या, नाहीतर खोडलेल्या ओळीच्या रूपाने वहीत राहतात. याची दुसरी बाजूही आहे आणि ती मी लपवीत नाही. सेवेच्या नावाखाली आईचे खाते रिकामे करणारे पेक्सनिफही घरोघरी आहेत. म्हणूनच मोबदला उघड हवा, कागदावर हवा, सर्व भावंडांच्या सहीने हवा, आणि शक्य तर आईवडिलांना बोलता येत असतानाच त्यांच्या तोंडून ठरलेला हवा. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाशी मृत्युपत्राविषयी बोलणेही अशुभ मानतात. पण मृत्युपत्र मरणानंतरचे असते. हे तर जगण्याविषयीचे बोलणे आहे.

आमच्या आईला काही विचारण्याची वेळ निघून गेली होती. तिच्या पैशातून ताईला देण्याचे आम्ही ठरविले असते, तर जिला होय-नाही म्हणता येत नाही तिच्याच पैशाचे दान आम्ही केले असते. म्हणून २०२३ सालापासून आम्ही दोघे भाऊ ती रक्कम आमच्या खिशातून देतो. चार हजार नव्हे, मावशींच्या पगाराइतकी. त्याचा एक साधा कागद केला आहे आणि त्यावर तिघांच्या सह्या आहेत. कागद पुढे केला तेव्हा ताई आधी रागावली, मग रडली, आणि मग चष्मा लावून तिने त्यातली माझी एक बेरजेची चूक काढली. त्या वर्षी भाऊबीजेला ओवाळताना मी विनोदाने म्हणालो, ‘ताई, आता ताटात वेगळे काही टाकावयास नको ना?’ ती म्हणाली, ‘अरे, तो पगार, ही ओवाळणी. तू मराठीचा मास्तर ना? दोन शब्दांतला फरक तुला मी सांगू?’

वही अजून ताईकडेच असते. गेल्या लक्ष्मीपूजनाला ती आम्ही पाटावर ठेवली. आईला खुर्चीत बसवून पुढे आणले होते. तिला त्यातले काय कळले ते सांगता येत नाही. कुंकवाचे बोट मात्र ताईने तिच्याच डाव्या हाताने वहीवर टेकविले.